कॅप्टन मार्टेल यांची हरवलेली सात इंच उंची

दोन छायाचित्रे आहेत. पहिले १९१८ च्या सुमाराचे. अमेरिकेच्या व्यापारी जहाजांवरील एक तरुण अधिकारी, अंगात गणवेश, उंची सहा फुटांहून अधिक, खांदे ताठ. दुसरे त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी काढलेले. माणूस तोच, पण मान खांद्यांत रुतलेली, छाती पुढे आलेली, पाठीला बाक. मधल्या काळात त्याची उंची सात इंचांनी घटली होती. या अधिकाऱ्याचे नाव चार्ल्स मार्टेल. (फ्रँक लोकांचा याच नावाचा सेनानी आठव्या शतकात होऊन गेला. त्याचा येथे काही संबंध नाही. नावामुळे गोंधळ होतो म्हणून आधीच सांगितले.)

या धाग्यात एरवी लढाया, तह आणि राजघराणी येतात. आज गळ्यातील चार लहानशा ग्रंथींचा आणि त्यांतून स्रवणाऱ्या एका संप्रेरकाचा इतिहास सांगणार आहे. इतिहासाची गोडी असलेल्यांनी तो वाचावा, असे मला मनापासून वाटते. कारण एका जागी दोन गोष्टी सापडल्या, तर त्यांतले कारण कोणते आणि परिणाम कोणता, हा आपल्याला दस्तऐवज वाचताना रोज पडणारा प्रश्न येथे माणसांच्या हाडांवर सोडवला गेला.

प्रथम थोडे शरीरशास्त्र. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम असते. त्यातला ९९ टक्के वाटा हाडांत आणि दातांत. उरलेला जेमतेम एक टक्का रक्तात, स्नायूंत आणि इतर पेशींत; पण हृदयाचा ठोका, स्नायूंचे आकुंचन आणि मज्जातंतूंचे संदेश याच अल्पशा साठ्यावर चालतात. रक्तातील प्रमाण दर शंभर मिलिलिटरला साधारण साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम इतक्या अरुंद पट्ट्यात राहावे लागते. ते खाली घसरले तर हातापायांना पेटके येतात, फार वाढले तर मूत्रपिंडे, मेंदू आणि हृदय अडचणीत येतात. हा पट्टा सांभाळणाऱ्या ग्रंथी म्हणजे पॅराथायरॉइड, मराठी विश्वकोशाच्या भाषेत परावटु ग्रंथी. बहुतेकांना त्या चार असतात आणि एकेकीचे वजन ३० ते ५० मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ तांदळाच्या दाण्याएवढे.

पन्हाळगडावरचा अंबरखाना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पुढचे लगेच उमगेल. गंगा, यमुना, सरस्वती या कोठ्या म्हणजे आपली हाडे. गडावरचा बाजार म्हणजे रक्त. बाजारात धान्य कमी पडू लागले की कोठीवरचा कारकून चिठ्ठी लिहितो आणि कोठीतून धान्य बाहेर येते. बाजार भरला की तो हात आखडता घेतो. परावटु ग्रंथींचे संप्रेरक ही ती चिठ्ठी. आता कल्पना करा की कारकून बिघडला आहे. बाजारात धान्याचे ढीग लागले, तरी तो चिठ्ठ्या लिहीतच राहतो. बाजारातून फिरणाऱ्याला सुबत्ता दिसेल. कोठीत डोकावणाऱ्याला मात्र तळ दिसेल. मार्टेल यांच्या शरीरात नेमके हेच चालले होते.

समाजमाध्यमांवर ही कथा बहुधा गेंड्यापासून सुरू होते, कारण गेंड्याचे चित्र लावता येते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने १८३४ साली एक भारतीय एकशिंगी गेंडा विकत घेतला होता. तो १८४९ च्या अखेरीस मेला आणि त्याचे शवविच्छेदन रिचर्ड ओवेन यांनी केले. ‘डायनोसॉर’ हा शब्द घडवणारे ते हेच ओवेन. गेंड्याच्या गळ्यात, थायरॉइडला चिकटून, जेथून शिरा बाहेर पडतात तेथे त्यांना एक लहानसा, घट्ट, पिवळसर ग्रंथीसारखा भाग दिसला. त्यांनी तशी ओझरती नोंद केली आणि ते पुढच्या अवयवाकडे वळले.

या नोंदीमुळे शोधाचे श्रेय ओवेन यांना देण्याची प्रथा पडली आहे. मला ती पटत नाही. दिसणे वेगळे आणि शोधणे वेगळे. १८७७ साली स्वीडनमधील उप्साला येथे इव्हार सांदस्ट्रोम हा पंचवीस वर्षांचा वैद्यकीय विद्यार्थी एका कुत्र्याच्या गळ्याचे विच्छेदन करत होता. त्याला थायरॉइडजवळ राळ्याच्या दाण्यासारखे काहीतरी आढळले. तो तेथे थांबला नाही. मांजर, ससा, बैल, घोडा असे एकेक करत त्याने तोच भाग तपासला आणि मग पन्नास मानवी शवांमध्ये त्याचा माग काढला. सूक्ष्मदर्शकाखाली रचना पाहिली, रक्तवाहिन्या रेखाटल्या आणि या ग्रंथींना नाव दिले : ग्लांडुली पॅराथायरॉइडी, म्हणजे थायरॉइडच्या शेजारच्या ग्रंथी.

त्याचा लेख १८८० साली उप्सालाच्या वैद्यक मंडळाच्या नियतकालिकात स्वीडिश भाषेत छापला गेला. त्या काळी वैद्यकाची भाषा जर्मन होती. जर्मनमध्ये सारांश तेवढे आले, ते कोणाच्या विशेष लक्षात राहिले नाहीत. सांदस्ट्रोमने १८८९ साली, वयाच्या ३७ व्या वर्षी आत्महत्या केली. आपण शोधलेल्या ग्रंथी काय काम करतात हे त्याला अखेरपर्यंत कळले नाही. त्याच्या लेखाचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले ते १९३८ साली. कागद उपलब्ध असणे आणि तो वाचला जाणे यांत अठ्ठावन्न वर्षांचे अंतर पडले. मोडीच्या रुमालांशी ज्यांचा संबंध येतो, त्यांना याचे नवल वाटू नये.

दरम्यान शल्यचिकित्सकांची या ग्रंथींशी गाठ पडत होती. फक्त त्यांना ते ठाऊक नव्हते. आल्प्सच्या परिसरात गलगंडाचे रोगी पुष्कळ. बर्नमध्ये थिओडोर कोखर आणि व्हिएन्नामध्ये थिओडोर बिलरोथ गलगंडाच्या शस्त्रक्रिया करत. बिलरोथ यांच्या काही रोग्यांना शस्त्रक्रियेनंतर विचित्र आचके येत. बोटे आखडत, मनगटे वाकत, काही त्यातच दगावत. कोखर यांच्या रोग्यांना आचके क्वचित येत, पण ते पुढे सुस्त होत, चेहरे सुजत, बुद्धी मंद होई. दोघांचेही काम पाहिलेल्या अमेरिकन शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड यांनी पुढे याचा उलगडा केला. कोखर यांचा हात संथ आणि अत्यंत नीटस. ते थायरॉइड मुळापासून काढत, पण आजूबाजूला धक्का लावत नसत. बिलरोथ यांचा हात वेगवान. थायरॉइडचे तुकडे मागे राहत आणि शेजारच्या ग्रंथी मात्र निघून येत. दोन माणसांच्या हाताच्या सवयींतून दोन वेगळे आजार जन्माला आले होते. इतिहासात मला आवडलेल्या निरीक्षणांपैकी हे एक आहे.

सांदस्ट्रोमचे काम अडगळीतून बाहेर काढले ते फ्रान्सचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ यूजेन ग्ले यांनी, १८९१ मध्ये. इटलीत व्हसाले आणि जेनेराली या दोघांनी १८९६ साली प्राण्यांच्या केवळ परावटु ग्रंथी काढून दाखवल्या. थायरॉइड जागेवर असूनही आचके आले. मग बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम मॅकॅलम आणि कार्ल फोग्टलिन यांनी १९०९ साली सिद्ध केले, की ग्रंथी काढलेल्या कुत्र्यांच्या रक्तातील कॅल्शियम घसरते आणि शिरेतून कॅल्शियमचे क्षार दिले, तर तडफडणारे जनावर थोड्याच वेळात शांत होते. ग्रंथी आणि कॅल्शियम यांचे नाते येथे पक्के झाले.

मात्र या नात्याची दुसरी बाजू, म्हणजे हाडे, बराच काळ उलटी वाचली गेली.

व्हिएन्नाचे विकृतिशास्त्रज्ञ याकोब एर्डहाइम हे बारकाईने पाहणारे गृहस्थ होते. हाडे मऊ पडलेल्या रोग्यांच्या शवविच्छेदनात त्यांना परावटु ग्रंथी वाढलेल्या आढळल्या. उंदरांच्या ग्रंथी जाळून त्यांनी प्रयोग केले. तेव्हा उंदरांच्या दातांत कॅल्शियम नीट साचेना. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला, की हाडे आधी बिघडतात आणि ती सावरण्यासाठी ग्रंथी जास्त काम करू लागते, म्हणून ती फुगते. ग्रंथीची वाढ हा शरीराने केलेला बचाव आहे. तर्क निर्दोष दिसतो. शिवाय काही आजारांत, उदाहरणार्थ ड जीवनसत्त्वाच्या दीर्घ अभावात, तो खराही आहे. म्हणूनच तो इतका टिकला. अर्धवट खरे असलेले मत खोडून काढायला पूर्ण खोट्या मतापेक्षा जास्त वर्षे लागतात.

व्हिएन्नामध्येच फ्रीड्रिख श्लागेनहाउफर यांनी १९१५ साली एक साधी शंका काढली. ग्रंथींची वाढ जर हाडांच्या रोगाचा परिणाम असेल, तर चारही ग्रंथी वाढायला हव्यात. काही रोग्यांत एकच ग्रंथी फुगलेली का असते? ती एक गाठच रोगाचे मूळ असेल, तर काढून का पाहू नये? ‘चारऐवजी एकच का’ या प्रश्नावर सगळी इमारत हलायला हवी होती. पण ते महायुद्धाचे दिवस होते आणि ही शंका दहा वर्षे तशीच राहिली.

याचे मोल काय असते, हे पुढच्या रोग्यावरून कळते. व्हिएन्नाचा एक ट्रामवाहक, वय तिशीत. हाडांत पोकळ्या, चालणे अशक्य, मांडीचे हाड मोडलेले, मूत्र कॅल्शियमच्या गाळाने पांढुरके. शल्यचिकित्सक फेलिक्स मांडल यांनी प्रचलित मतानुसार उपचार सुरू केला : ग्रंथी कमी पडते आहे, तर तिची भर घालू या. जनावरांच्या ग्रंथींचा अर्क दिला. उपयोग झाला नाही. मृत माणसाच्या ग्रंथी काढून त्याच्या शरीरात रोवल्या. तरीही उपयोग नाही. तेव्हा मांडल यांनी उलट दिशेने विचार केला. ३० जुलै १९२५ रोजी त्यांनी त्याचा गळा उघडला, एक गाठ सापडली आणि ती काढली. काही दिवसांत मूत्र निवळले. वेदना ओसरल्या. पुढे तो काठीच्या आधाराने चालू लागला.

येथे मला माझ्या आत्याविषयी लिहिणे भाग आहे, कारण तिच्यामुळेच मी या विषयाकडे वळलो. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. पन्नाशीच्या आसपास तिला मुतखडा झाला, मग पुन्हा झाला. पाठ दुखे, थकवा येई, कशातच लक्ष लागेनासे झाले. अंगणात साधी घसरून पडली तर मनगट मोडले. तालुक्याच्या गावी जे डॉक्टर पाहत होते, त्यांनी वयाकडे बोट दाखवले आणि हाडांसाठी कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. हाडात कॅल्शियम कमी, म्हणून कॅल्शियम द्या. मांडल यांनी पहिल्यांदा केला तोच हिशेब, जवळजवळ नव्वद वर्षांनंतर. आत्या गोळ्या नेमाने घेत असे. शाळेची हजेरी मांडावी तशी ती कॅलेंडरवर खुणा करी.

मनगटाच्या वेळी केलेल्या तपासण्यांच्या कागदांत एक आकडा होता, रक्तातील कॅल्शियम ११.९. छापील मर्यादेच्या वर, म्हणून यंत्राने त्यापुढे एक चांदणीही छापली होती. त्या चांदणीकडे सव्वा वर्ष कोणाचे लक्ष गेले नाही. कोणी विचारलेच असते, तर कदाचित उत्तर मिळाले असते, की गोळ्या चालू आहेत, त्यामुळे वाढले असेल. पुढे पुण्यातल्या एका डॉक्टरांनी सगळे कागद तारखेप्रमाणे लावायला सांगितले. ते काम माझ्याकडे आले. मी इतिहासाचा विद्यार्थी. कागद कालक्रमाने लावणे एवढेच मला नीट येते. लावल्यावर दिसले, की आकडा चढा होता तो गोळ्या सुरू होण्याच्या आधीपासून. डॉक्टरांनी तेवढेच विचारले आणि त्या संप्रेरकाची तपासणी लिहून दिली. ते मर्यादेच्या दुपटीहून अधिक निघाले. बाजार भरलेला असूनही कारकून चिठ्ठ्या लिहीत होता.

तिची गाठ चिंचोक्याएवढी होती आणि गळ्यात अपेक्षित जागीच होती. शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवस तिच्या ओठांना आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येत होत्या; वर्षानुवर्षे उपाशी राहिलेली हाडे रक्तातले कॅल्शियम अधाशासारखी ओढून घेऊ लागली की असे होते. तेव्हा मात्र कॅल्शियम द्यावे लागले आणि ते योग्यही होते. तेच औषध, पण आता त्याची वेळ आली होती. खाटेवर पडल्यापडल्या तिने मला विचारले, “पण ही गाठ अशी काढायची असते, हे पहिल्यांदा कळलं कोणाला?” मी तिला मांडल यांचे नाव सांगू शकलो. मार्टेल यांच्याविषयी मी नंतर वाचले.

मांडल यांची कथा अनेक जण येथेच थांबवतात, कारण शेवट गोड वाटतो. पण काही वर्षांनी त्या ट्रामवाहकाचा आजार परतला. दुसऱ्यांदा गळा उघडला तेव्हा गाठ सापडली नाही आणि तो त्या आजारातच गेला. स्वतः मांडल यहुदी होते. १९३८ साली नाझींनी ऑस्ट्रिया ताब्यात घेतल्यावर त्यांना देश सोडावा लागला. ते जेरुसलेमला गेले आणि युद्ध संपल्यावर व्हिएन्नाला परतले.

आता कॅप्टन मार्टेल. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात यूजीन द्युबॉ यांनी १९२६ साली त्यांना तपासले. रक्तातील कॅल्शियम जास्त, हाडे विरळ, मूत्रातून खडे आणि कचकच. द्युबॉ यांनी मांडल यांच्यावर विसंबून न राहता स्वतंत्रपणे ओळखले, की दोष अतिकाम करणाऱ्या परावटु ग्रंथीचा आहे. त्यांनी मार्टेल यांना बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात पाठवले. तेथे जोसेफ ऑब शिसे-विषबाधेवर संशोधन करत होते. हाडांत साठलेले शिसे बाहेर काढण्यासाठी ते परावटु ग्रंथींचा अर्क वापरून पाहत होते. हाडांतून कॅल्शियम कसे निघते याचा सर्वाधिक अनुभव असलेली माणसे अशा आडवाटेने एका जागी आली होती. हा अर्क मिळू लागला होता तोही नुकताच. मिनेसोटातील डॉक्टर अडॉल्फ हॅन्सन आणि इन्सुलिनच्या कामात सहभागी असलेले कॅनडाचे जेम्स कॉलिप या दोघांनी गरम हायड्रोक्लोरिक आम्लाच्या साहाय्याने तो काढला आणि पहिला कोण यावरून वाद झाला. त्या वादात शिरत नाही. काळाच्या कसोटीवर हॅन्सन आधी होते आणि प्रसिद्धी कॉलिप यांना मिळाली, एवढेच सांगतो.

बोस्टनमध्ये मार्टेल यांचा गळा दोनदा उघडला गेला. गाठ नाही. पुढे न्यूयॉर्कमध्ये पुन्हा शस्त्रक्रिया झाली. तरीही गाठ नाही. प्रत्येक वेळी ते शुद्धीवर येत आणि त्यांना तेच उत्तर मिळे. हाडे मोडत राहिली.

मग या नाविकाने एक गोष्ट केली. ते ग्रंथालयात जाऊन शरीररचनाशास्त्राची पुस्तके आणि आपल्या आजारावरचे लेख वाचू लागले. जेथे नकाशा चुकतो तेथे किनारा पुन्हा मोजावा, हे दर्यावर्दी माणसाला सांगावे लागत नाही. त्यांच्यावर पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या आठवणींत नोंद आहे, की गळ्यात सापडत नसेल तर छातीत पाहा, असा आग्रह खुद्द मार्टेल यांनी धरला होता.

छातीत का? गर्भावस्थेत खालच्या दोन परावटु ग्रंथी थायमस या छातीतील ग्रंथीच्या सोबतीने तयार होतात आणि तिच्याबरोबर खाली सरकतात. बहुतेक वेळा त्या गळ्यातच थांबतात. एखादी मात्र थायमसचा हात सोडत नाही आणि उरोस्थीच्या मागे जाऊन बसते. (२००४ साली लंडनच्या संशोधकांनी दाखवले, की या ग्रंथी घडवणारे जनुक माशांमध्ये कल्ल्यांच्या घडणीत काम करते. समुद्रात असताना कॅल्शियम पाण्यातून मिळे. जमिनीवर आल्यावर कोठार आपल्याच हाडांत करावे लागले. कॅप्टनच्या कथेत समुद्र असा मागल्या दारानेही येतो.)

एडवर्ड चर्चिल आणि त्यांचे तरुण सहकारी ऑलिव्हर कोप यांनी आधी शवांवर सराव केला. निरोगी परावटु ग्रंथी दिसते कशी, तिचा रंग कोणता, ती चरबीपासून आणि लसिका ग्रंथीपासून ओळखायची कशी, हे डोळ्यांत बसेपर्यंत कोप विच्छेदन करत राहिले. सांदस्ट्रोमने पन्नास शवांत केले तेच हे काम, अर्धशतकानंतर. नोव्हेंबर १९३२ मध्ये मार्टेल यांच्यावर सातवी शस्त्रक्रिया झाली. उरोस्थी चिरली गेली. गाठ तेथेच होती, सुमारे तीन सेंटिमीटरची.

ती काढली, पण सगळी नाही. पूर्ण काढली तर रक्तातील कॅल्शियम एकाएकी कोसळेल, या भीतीने एक लहान भाग रक्तवाहिनीसह मागे ठेवला. तरीही तीन दिवसांत आचके सुरू झाले. सुमारे सहा आठवड्यांनी, मूत्रमार्गात अडकलेल्या खड्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेनंतर, कॅप्टन मार्टेल गेले. कोठार लुटणारा सापडला होता. पण तोवर मूत्रपिंडे निकामी होत आली होती.

या सात शस्त्रक्रियांतून बोस्टनला जे शिकायला मिळाले, त्यावर पुढच्या शेकडो रोग्यांचे उपचार उभे राहिले. त्यांची रोगकथा पाठ्यपुस्तकांत येते. मला खटकते ते एवढेच, की तेथे ते ‘प्रसिद्ध रुग्ण’ म्हणून येतात. गाठ कोठे असेल याचा अंदाज ज्याने बांधला, पुरावे वाचून बांधला आणि जो बरोबर निघाला, त्याला रुग्ण एवढेच म्हणणे कमी आहे. शिलालेखावर राजाचे नाव असते, कोरणाऱ्याचे नसते. येथे तर लेख त्यांच्याच देहावर कोरला गेला.

पुढचा प्रवास प्रयोगशाळेचा. १९५९ साली जेराल्ड ऑरबाख यांना, तसेच हॉवर्ड रासमुसेन आणि लायमन क्रेग यांना हे संप्रेरक शुद्ध स्वरूपात मिळवता आले. १९६३ मध्ये सोलोमन बर्सन आणि रोझलिन यॅलो यांच्या पद्धतीने ते रक्तात मोजता येऊ लागले. १९७० च्या दशकात त्याची ८४ अमिनो आम्लांची साखळी आधी गाईच्या आणि मग माणसाच्या संप्रेरकात वाचून झाली. मग एक अनपेक्षित गोष्ट उघड झाली. हाड खोदणाऱ्या पेशींना हे संप्रेरक थेट हुकूम देत नाही. ते हाड बांधणाऱ्या पेशींना संदेश देते आणि त्या पेशी खोदणाऱ्यांना बोलावतात. गवंड्यांच्या हातून पाडकाम करणाऱ्यांना निरोप जावा, तसे. मूत्रपिंडांवर मात्र त्याचा अंमल थेट चालतो : कॅल्शियम राखा, फॉस्फेट सोडा, ड जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप द्या.

अमेरिकेत १९७० च्या दशकात रक्ततपासणीची स्वयंचलित यंत्रे आली आणि कॅल्शियम सरसकट मोजले जाऊ लागले. तेव्हापासून तिकडे हा आजार बहुधा एखाद्या कागदावरचा आकडा म्हणून सापडतो. रोग्याला काही होत नसते. आपल्याकडचे चित्र निराळे होते. दिल्ली, लखनौ, चंडीगड, मुंबई येथील मोठ्या रुग्णालयांनी प्रसिद्ध केलेल्या रोगवृत्तांतांत दीर्घकाळ तरुण रोगी दिसतात आणि त्यांची हाडे मोडलेली, वाकलेली असतात. ड जीवनसत्त्वाच्या अभावाने रोग आणखी तीव्र होतो. मार्टेल यांचे दुसरे छायाचित्र बोस्टनमध्ये इतिहासजमा झाले, त्यानंतरही कित्येक वर्षे भारतातल्या बाह्यरुग्ण विभागात त्याच्या आवृत्त्या येत होत्या. अलीकडे मोठ्या शहरांत आकड्यावरून निदान होण्याचे प्रमाण वाढते आहे.

एक गोष्ट राहिली. मार्टेल बोस्टनमध्ये होते त्याच काळात, त्याच रुग्णालयात वॉल्टर बाउअर, ऑब आणि फुलर ऑलब्राइट प्राण्यांना परावटु ग्रंथींचा अर्क टोचून हाडांची अंतर्गत जाळी तपासत होते. अर्क हाड पोखरतो, हे त्यांना अपेक्षित होते. पण काही उंदरांत जाळी दाट झालेली दिसली. १९२९ च्या लेखात त्यांनी ते नोंदवले. हान्स सेल्ये यांनाही १९३२ मध्ये असेच आढळले. हाड खाणारे संप्रेरक हाड बांधते, ही गोष्ट तेव्हा कोणाला कशात बसवता येईना आणि ती जवळजवळ अर्धे शतक बाजूला पडून राहिली. फरक वेळेचा होता. संप्रेरक रक्तात अखंड चढे राहिले तर हाड झिजते. दिवसातून एकदा, थोड्या वेळापुरते वाढून उतरले तर गवंडी पुढे होतात आणि पाडकाम मागे राहते. साखळीतील पहिल्या ३४ अमिनो आम्लांपासून बनवलेल्या टेरिपॅराटाइड या औषधाला अमेरिकेत २००२ च्या अखेरीस मान्यता मिळाली. ठिसूळ हाडांच्या रोग्याला ते रोज एकदा मांडीत किंवा पोटावर टोचून दिले जाते. मात्रा वीस मायक्रोग्रॅमची असते.